टेकडीवर नेऊन उभे केलेले गाव

मराठीत जुन्या घराच्या अखेरीसाठी दोन क्रियापदे आहेत. घर पाडतात, किंवा घर उतरवतात. पाडलेल्या घराचा ढिगारा होतो आणि तो कोठेतरी भरावाला जातो. उतरवलेल्या घराची कौले एकावर एक रचली जातात, वासे बाजूला मांडले जातात, दारे-चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या जातात. कारण कोणीतरी, केव्हातरी त्यांतून पुन्हा काही उभे करणार असते. हा भेद आमच्या वसईतील सुतारांना आणि गवंड्यांना चांगला ठाऊक आहे. शब्द म्हणून तो मलाही ठाऊक होता; परंतु त्याचे मोल मला कळले ते घरापासून हजारो मैल दूर, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील एका टेकडीवर.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी मुलीकडे गेलो होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी थोरल्या भावाने, आमच्या दादाने, मला ओटीवर बसवून एक प्रश्न विचारला होता. आजोबांनी बांधलेल्या घराच्या तुळयांना वाळवी लागली होती, मागची पडवी खचली होती आणि एक बिल्डर तीनदा येऊन गेला होता. "तू परत येईपर्यंत विचार कर. मग त्याला काय ते सांगू," एवढेच दादा म्हणाला. आई शेजारीच सुपात तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे बरोबर घेऊनच मी विमानात बसलो.

स्टॉकहोम हे बेटांवर वसलेले शहर आहे. त्यांपैकी यूरगोर्डन नावाच्या बेटावरील टेकडीवर 'स्कान्सेन' हे लोकजीवनाचे खुले संग्रहालय आहे. या टेकडीवर पूर्वी लहानशी तटबंदी होती. तिच्यावरून हे नाव पडले. आर्तूर हाझेलियस या गृहस्थाने ११ ऑक्टोबर १८९१ रोजी हे संग्रहालय लोकांसाठी खुले केले. आज सुमारे ७५ एकरांच्या परिसरात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आणलेल्या दीडशेच्या आसपास इमारती तेथे उभ्या आहेत: शेतकऱ्यांची घरे, धान्याच्या कोठ्या, गोठे, पवनचक्की, सैनिकाची झोपडी, सरदाराचा वाडा, शाळा, कारागिरांची दुकाने आणि एक चर्च. संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांची आणि 'हात लावू नये' अशा पाट्यांची आपल्याला सवय असते. येथे आपण दार ढकलून घरात शिरतो आणि घराचा वास येतो.

मी प्रथम शिरलो ते मूरा परगण्यातील उस्टनूर या गावाहून आणलेल्या घरात. हाझेलियसने हे घर १८८५ साली विकत घेतले. स्कान्सेनच्या आरंभापासूनच ते येथे उभे आहे. आडव्या ओंडक्यांचे, कोपऱ्यांत खाचा पाडून एकात एक गुंतविलेले. आत एकच मोठी खोली, कोपऱ्यात चूल, भिंतीलाच जोडलेले पलंग. उस्टनूरची जमीन हलकी. केवळ शेतीवर पोट भरत नसे. म्हणून तेथील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात घड्याळे बनवीत. एकाच्या घरी एक चक्र, दुसऱ्याच्या घरी दुसरे. 'मूरा घड्याळे' पुढे देशभर नावाजली. पलीकडच्या एका घरात पारंपरिक वेशातील स्त्री चुलीजवळ पातळ रोटी भाजत होती. लाकडाच्या धुराचा वास नाकात गेला आणि मला एकदम आमच्या घरची पहाट आठवली: चुलीवर तांदळाची भाकरी, बाहेर रहाटाचा आवाज, आणि आईची हाक. परक्या देशातील, परक्या लोकांच्या घरात मी काही क्षण उगाच उभा राहिलो.

आर्तूर हाझेलियसचा जन्म ३० नोव्हेंबर १८३३ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील लष्करी अधिकारी. मुलगा भाषेकडे वळला. उप्साला विद्यापीठातून त्याने १८६० साली डॉक्टरेट मिळविली, काही वर्षे शिक्षकी केली, स्वीडिश शुद्धलेखनाच्या सुधारणेत मन घातले. इमारती, लाकूडकाम, शेती यांच्याशी त्याचा व्यवसायाने काहीही संबंध नव्हता. १८७२ साली तो पत्नी सोफियासह दालार्ना प्रांतात प्रवासाला गेला. या प्रांताचे वेश, घरे, नृत्ये आणि गाणी यांची कीर्ती मोठी होती. परंतु ज्या वस्तू त्याने पूर्वी घरोघरी पाहिल्या होत्या, त्या आता माळ्यावर, गोठ्यात किंवा भंगारवाल्याच्या गाडीवर दिसू लागल्या होत्या. त्या प्रवासात त्याने विकत घेतलेली पहिली वस्तू होती एक लोकरी परकर. पुढे ज्याने घरेच्या घरे हलविली, त्याचा आरंभ एका बाईच्या परकराने झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या परकरापासून स्कान्सेन उभे राहण्यास एकोणीस वर्षे लागली.

हे सारे नेमके त्याच काळात का घडले, हे समजून घेतले पाहिजे. स्वीडनची जुनी खेडी एकोणिसाव्या शतकात शब्दशः विखुरली गेली. पूर्वी शेतकऱ्यांची घरे एकत्र आणि जमिनीच्या पट्ट्या चहूकडे पसरलेल्या अशी रचना होती. १८२७ च्या जमीन-वाटणीच्या कायद्याने प्रत्येकाची जमीन एके ठिकाणी आणण्यास आरंभ केला. शेती सुधारली, उत्पन्न वाढले. पण त्यासाठी अनेकांना आपले घर उचलून नव्या शेतात न्यावे लागले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार मोडला. त्यानंतर रेल्वे आली, कारखाने आले. १८६७ ते १८६९ ही भीषण दुष्काळाची वर्षे आली. आणि मग सुरू झाले ते अमेरिकेकडे प्रयाण. १८५० नंतरच्या सुमारे ऐंशी वर्षांत बारा ते तेरा लाख माणसे स्वीडन सोडून गेली. १९०० साली त्या देशाची एकूण लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडीशीच वर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा भार कळतो. घरे होती, माणसे नव्हती. हाझेलियस गोळा करीत होता ती केवळ कलाकुसर नव्हती. निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेले सामान होते ते.

२४ ऑक्टोबर १८७३ रोजी त्याने स्टॉकहोमच्या एका भाड्याच्या जागेत आपला संग्रह लोकांना दाखविला. त्याची मांडणी नवी होती. वस्तू कपाटात न ठेवता त्याने खोलीच उभी केली: चूल, पाळणा, बाक आणि पारंपरिक वेशातील मेणाच्या आकृत्या. १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याची ही दृश्ये गाजली. १८८० साली त्याने हा सारा संग्रह स्वीडिश जनतेच्या नावे केला; तेच आजचे 'नॉर्डिस्का म्युझेत'. त्याची स्वतःची मिळकत बेताची होती. लोकांकडे मागून, पत्रे लिहून, गावोगावच्या मित्रांना कामाला लावून त्याने हे उभे केले. मात्र त्या खोल्यांनी त्याचे समाधान होईना. खोलीला तीनच भिंती. बाहेर अंगण नाही, गोठा नाही, झाड नाही. घर समजायचे तर त्याच्याभोवती हवा असावी लागते. या विचारातून टेकडीवरचे गाव जन्माला आले.

अगदी पहिला मान मात्र शेजारच्या नॉर्वेकडे जातो. राजा ऑस्कर दुसरा याने १८८१ पासून आजच्या ऑस्लोजवळ जुन्या इमारती आणून उभ्या करण्यास सुरुवात केली होती. त्यांत गोल येथील मध्ययुगीन लाकडी चर्चही होते. हाझेलियसने त्या कल्पनेला व्यापक रूप दिले आणि मग ती पसरली. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड ओल्सेन याने १८९७ साली असेच संग्रहालय सुरू केले. नॉर्वेतील लिलेहामर येथे आंदेर्स सांडविग या दंतवैद्याने रुग्ण पाहता पाहता जुनी घरे जमविली, आणि त्यातून 'मायहाउगेन' हे मोठे संग्रहालय निर्माण झाले. पोलिश आणि चेक भाषांत तर अशा कोणत्याही संग्रहालयाला 'स्कान्सेन' असेच म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे, यापेक्षा मोठी पावती ती कोणती?

एवढी मोठी घरे हलविली कशी, हा प्रश्न माझ्याप्रमाणे वाचकांनाही पडला असेल. उत्तर लाकडात आहे. ओंडक्यांच्या घराला खिळा जवळजवळ लागत नाही. खाचेत खाच बसते. प्रत्येक ओंडक्यावर खूण व क्रमांक घालावयाचा, वरपासून खालपर्यंत क्रमाने घर उतरवावयाचे आणि नव्या जागी खालून वर त्याच क्रमाने चढवावयाचे. स्वीडिश शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. जमीन-वाटणीच्या काळात तर हजारो घरे अशीच हलली. छपरावर बर्च झाडाच्या सालीचे थर आणि त्यावर गवतासह मातीची ढेपे. साल पाणी अडविते, माती सालीला दाबून धरते. ज्या कौशल्याने जुने गाव मोडले, त्याच कौशल्याने हाझेलियसने ते टेकडीवर जोडले.

टेकडीवर चर्च आहे ते वेस्टेरयोटलांड प्रांतातील सेग्लोरा गावचे. १७२९-३० साली बांधलेले, लाकडी, तांबूस रंगाचे, लहान लहान लाकडी फळ्यांनी मढविलेले. गावाने नवे, मोठे चर्च बांधल्यावर जुन्याचे काम संपले. १९१६ साली ते स्कान्सेनवर आणण्यात आले आणि दोन वर्षांनी पुन्हा उपासनेसाठी खुले झाले. आज तेथे विवाह लागतात. मी गेलो त्या दुपारीही एक नवरी पायऱ्या उतरत होती. मी शेवटच्या बाकावर बसलो. चर्च जिवंत होते, यात शंका नाही. तरीही मनात आले, चर्च म्हणजे केवळ भिंती आणि वेदी नव्हे. ज्यांनी ते बांधले त्यांच्या कबरी गावीच राहिल्या. घर हलविता येते, घराची माती हलविता येत नाही. आपल्यापैकी कोणी जन्मगाव सोडून दूरच्या धर्मग्रामात स्थायिक झाले असेल, तर त्याला हे वेगळे सांगावयास नको.

येथे स्वीडनच्या धार्मिक इतिहासाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सोळाव्या शतकात हा देश लुथरन झाला आणि पुढे कॅथलिक होणे हा तेथे गुन्हा ठरला. १८५८ साली कॅथलिक धर्म स्वीकारल्याबद्दल सहा स्त्रियांना देशाबाहेर घालविण्यात आले. या घटनेने युरोपात एवढी खळबळ उडाली, की १८६० मध्ये कायदा सौम्य करावा लागला. संपूर्ण धर्मस्वातंत्र्य मात्र १९५१ साली आले. हाझेलियसने आपले काम आरंभिले ते अशा देशात. असे असूनही त्याने खेड्यांतून गोळा केलेल्या चालीरीतींची वहीपाने उलटली, की संतांची नावे पानोपानी भेटतात. १३ डिसेंबरला संत लुसियाचा दिवस. सिसिलीतील ही हुतात्मा कुमारी. जुन्या कालगणनेत तिचा सण वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास येई. पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा आणि माथ्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालून मुलगी पहाटेच्या अंधारात येते. ही प्रथा मूळची पश्चिम स्वीडनमधील काही घरांपुरती होती. स्कान्सेनवर १८९३ पासून ती साजरी होऊ लागली आणि विसाव्या शतकात साऱ्या देशाची झाली. ३० एप्रिलच्या रात्रीच्या होळ्यांना नाव आहे संत वालबुर्गा हिचे. आणि जूनमधील मध्य-उन्हाळ्याचा महासण म्हणजे दुसरे काही नव्हे, संत योहान बाप्तिस्ता याच्या जन्मदिनाची पूर्वसंध्या.

मी तेथे असताना नेमका तोच सण आला. पाना-फुलांनी मढविलेला उंच खांब उभा करण्यात आला, फुलांचे मुकुट घालून मुले-माणसे त्याच्याभोवती फेर धरून नाचली. मला गोव्याचा 'सांज्यांव' आठवला: तोच संत, तोच २४ जून, डोक्यावर तसेच फुलांचे 'कोपेल', फक्त तेथे पाऊस असतो आणि तरुण विहिरीत उड्या घेतात. राजांनी कायदे केले, धर्मपीठे बदलली, प्रार्थनेची भाषा बदलली. स्वयंपाकघर आणि अंगण यांचे पंचांग मात्र संतांना विसरले नाही. श्रद्धेचा काही भाग धर्मग्रंथात असतो, काही वेदीवर असतो, आणि बराचसा घरातील बायकांच्या हातात असतो. म्हणूनच घर हे इतिहासाचे साधन आहे.

सेग्लोराच्याच वेस्टेरयोटलांड प्रांतात १८७० साली एलिझाबेथ हेसेलब्लाड हिचा जन्म झाला. लुथरन कुटुंब, गरिबी, भावंडे पुष्कळ. अठराव्या वर्षी, १८८८ साली, ती पोटासाठी अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयात परिचारिका झाली. वर सांगितलेल्या लाखो स्थलांतरितांपैकी ती एक. १९०२ साली ती कॅथलिक झाली, रोमला गेली, आणि स्वीडनच्याच मध्ययुगीन संत ब्रिजिता यांचा जवळजवळ विझलेला संघ तिने पुन्हा चेतविला. १९२३ साली ती तो संघ मायदेशी घेऊन गेली. १९३७ साली त्याच्या भगिनी भारतात आल्या. ५ जून २०१६ रोजी ती संतपदाला पोहोचली. संत ब्रिजिता यांना संतपद मिळाले ते १३९१ च्या ऑक्टोबरात. स्कान्सेन उघडले ते बरोबर पाचशे वर्षांनी, १८९१ च्या ऑक्टोबरात. हा योगायोगच. परंतु एकाच देशातील, एकाच पिढ्यांच्या काळातील दोन माणसांनी, एकाने टेकडीवर आणि एकीने रोममध्ये, टाकून दिलेले काहीतरी उचलून पुन्हा उभे केले, हे मात्र मला विसरता येत नाही.

स्कान्सेनचे केवळ कौतुक करून भागणार नाही. पहिल्या फेरीत सारे फार नीटनेटके वाटते. फरश्या घासलेल्या, खिडकीत फुले, चुलीवर रोटी. भूक कोठे दिसत नाही. ज्या काळातील ही घरे आहेत, त्या काळी दुष्काळात पाइन वृक्षाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळीत असत. उत्तरेकडील सामी लोकांची वस्तीही हाझेलियसने येथे उभारली आणि सामी कुटुंबांना तेथे राहावयास आणून प्रेक्षकांना दाखविले. माणसाने माणसाला असे 'पाहण्याची वस्तू' करणे त्या काळच्या युरोपला खटकले नाही. आज ते खटकते आणि खटकलेच पाहिजे.

मात्र स्कान्सेनच्या एका कोपऱ्यात मला एक लांबट, साधी चाळ दिसली. 'स्तातारे' म्हणजे मोठ्या जमीनदारांकडील सालदार शेतमजूर. त्यांची ही राहण्याची जागा. या मजुरांना मजुरी मुख्यतः धान्य, दूध, लाकूड अशा रूपात मिळे. करार वर्षाचा, आणि तो संपूर्ण कुटुंबाचा. बायकोने धन्याच्या गाई दिवसातून दोनदा, तीनदा पिळाव्यात हे त्यात गृहीतच असे. ऑक्टोबर अखेरीस करार संपला की कुटुंब सामान गाडीत घालून दुसऱ्या धन्याच्या दारी. ही पद्धत १९४५ साली बंद झाली. सुंदर घरांच्या ओळीत ही चाळ आणून ठेवणाऱ्यांनी मोठी प्रामाणिकता दाखविली आहे. ज्याचे घर त्याचे कधीच नव्हते, त्याचेही घर इतिहासात आहे. वसईच्या वाड्यांचा इतिहास लिहिताना बागाईतदारांच्या ओटीबरोबर त्यांच्या वाडीत राबणाऱ्यांच्या झोपडीचीही नोंद करण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न मी तेथूनच घेऊन आलो.

आपल्या देशातही ही कल्पना रुजली आहे. चेन्नईच्या दक्षिणेस, मुट्टुकाडू येथे समुद्रकाठच्या रस्त्यालगत 'दक्षिणचित्र' आहे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये ते खुले झाले. लॉरी बेकर या ज्येष्ठ वास्तुशिल्पज्ञाचा त्याच्या रचनेत हात होता. चेट्टिनाडचा वाडा, अग्रहारातील ब्राह्मणांची घरे, विणकरांची घरे, आंध्र किनाऱ्यावरील गोल झोपडी अशी दक्षिणेतील घरे तेथे पुन्हा उभारलेली आहेत, आणि त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील केरळच्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचे एक घरही आहे. पूर्ण लाकडी, आणि दर्शनी भागातच धान्याची कोठी. आल्यागेल्याला प्रथम दिसावे ते घरातील धान्य! केरळच्या सुतारांचीही परंपरा सांधे जुळवून घर बांधण्याची. म्हणूनच ते घर उतरवून तमिळनाडूत नेता आले. स्टॉकहोमच्या ओंडक्यांची विद्या आणि कोट्टयमच्या सुतारांची विद्या, दोन्हीचे मर्म एकच: जोडलेले असे जोडावे की गरज पडल्यास न मोडता सोडविता यावे.

हाझेलियसचा मृत्यू २७ मे १९०१ रोजी स्कान्सेनवरील त्याच्या राहत्या घरीच झाला, आणि त्याची कबरही त्याच टेकडीवर आहे. त्याने १८९३ पासून ६ जून हा दिवस तेथे देशाचा सण म्हणून साजरा करण्यास सुरुवात केली होती. १९८३ साली तो स्वीडनचा अधिकृत राष्ट्रीय दिन झाला. पत्नी सोफिया मात्र हे काही पाहू शकली नाही. दालार्नाच्या प्रवासानंतर दोनच वर्षांनी, पुत्राला जन्म देऊन ती वारली. तिच्याबरोबर पाहिलेल्या खेड्यांना त्याने पुढे सारे आयुष्य वाहिले.

मी परत आलो तो पावसात. ओटीवर दादा वाट पाहतच होता. मी त्याला घर वाचवू या असे म्हणालो नाही. तुळया हाताने दाबल्या तर भुसा होत होत्या, ते खोटे ठरले असते. मी म्हणालो, "दादा, पाडू नको. उतरवू." दादाने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "उतरवून ठेवणार कुठं?" प्रश्न खरा होता. आपल्यापाशी टेकडी नाही.

तेव्हा आई बोलली. "विहिरीच्या बाजूला जागा आहे," ती म्हणाली. "आणि विहीर कोणी बुजवायची नाही." एवढे दिवस मौनात राहिलेला तिचा निर्णय तो होता. आजूबाजूची किती तरी बावखले भरावाखाली गेलेली तिने पाहिली आहेत.

बिल्डरला नकार गेला. जुन्या जागी आम्ही साधे नवे घर बांधले. परंतु त्याआधी पाऊस ओसरल्यावर आठ दिवस जुने घर उतरविण्याचे काम चालले. दादाच्या नातवाने प्रत्येक शाबूत खांबावर व वाशावर खडूने क्रमांक घातले आणि वहीत नकाशा काढला. निरोगी निघालेल्या सागवानी खांबांची विहिरीपाशी एक लहान पडवी उभी राहिली. वर जुनीच कौले. तीत रहाटाचे चाक, मोट, रांजण, उखळ-मुसळ, जाते आणि जुन्या अल्ताराची चौकट ठेवली आहे. या पडवीला संग्रहालय म्हणणे हास्यास्पद होईल. पण हाझेलियसचाही आरंभ एका परकराने झाला होता.

वही मात्र वाढत गेली. एका बाजूला वस्तूचे नाव आपल्या बोलीत, मग ती कोणाची, कोण वापरीत असे, शेवटी केव्हा वापरली. नातवंडे लिहीत, आई सांगत असे. एके दिवशी जात्याचे पान आले. नातीने मोठ्या उत्साहाने लिहिले, की या जात्यावर आमची पणजी गाणी म्हणत तांदूळ दळीत असे. तिने ते वाचून दाखविताच आईने तिला थांबविले.

"मिलोसुद्धा दळला आहे ह्या जात्यावर," ती म्हणाली. "रेशनवरची ती लाल ज्वारी. पोरं खायची नाहीत, रडायची. लिहायचंच असेल तर तेही लिही."

नातीने ते लिहिले. 'मिलो' हा शब्द तिने दोनदा विचारून घेतला. वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असे एखादे जाते असेल, आणि ते कोणी आणि कशासाठी फिरविले हे सांगणारे एखादे माणूस अजून असेल. लाकूड पुढच्या वर्षीही उतरविता येईल. वही मात्र आज संध्याकाळी, जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर उघडावी, हे बरे.